भिंत ते भिंत

मार्चमधला दुसरा शनिवार, दुपारचे अडीच. जागा डोंबिवली पूर्वेला, तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. रक्कम अजून ठरायची होती, ती ठरवायलाच आम्ही गेलो होतो. पण धाकट्या भावाने ती दारातच सांगून टाकली: बावन्न लाख. हजर होते ते असे: थोरली बहीण, धाकटा भाऊ, साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या काकू, आमच्या मॅडम आणि मी. साइटशीटवर मी 'उपस्थित व्यक्ती पाच' असं लिहिलं. सहावे गृहस्थ आतल्या खोलीत पलंगावर होते. त्यांना त्या रकान्यात धरायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मी त्यांना भलत्याच रकान्यात मोजून बसलो, हे मला नऊ दिवसांनी कळलं.

आधी माझ्याविषयी सांगतो. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा ट्रेनी होतो. तरुणपणी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लगेच एका रंगाच्या कारखान्यात देखभाल विभागाला लागलो. पत्रे, गटारं, शेड, कंपाउंडची भिंत, हीच कामं चोवीस वर्षं केली. कारखाना बंद झाला तेव्हा घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी होते आणि मुलगी बारावीत होती. मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्यांना काम बरं मिळतं असं एकाने सांगितलं. डिप्लोमा कामी आला. कोर्स केला, परीक्षा दिली, दुसऱ्यांदा पास झालो. पण पास होऊन भागत नाही, कोणाच्या तरी हाताखाली अनुभव घ्यावा लागतो. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या मॅडमचं ऑफिस आहे. मॅडम माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. गळ्यात जे ओळखपत्र होतं त्यावर माझा फोटो आणि खाली 'ट्रेनी'. ते कार्ड बरोबर पोटावर यायचं. घरी बायको म्हणायची, "ट्रेनी, जाता जाता कोथिंबीर आणा. मापात आणा."

साइटवर गेलं की लोक मलाच साहेब समजायचे आणि मॅडमना म्हणायचे, "तुम्ही बसा ना, साहेबांना मोजू द्या." मॅडम हसून बसायच्या. मोजणारा खरंच मी असायचो.

या कामात दुसऱ्याच्या घरात शिरावं लागतं, आणि अगदी आतपर्यंत शिरावं लागतं. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो. आम्ही मोरीत, देवघराच्या मागे, पलंगाखाली जिथे कोपरा आहे तिथपर्यंत जातो. पहिल्या महिन्यात ठाकुर्लीला बँकेने सील केलेला एक फ्लॅट मोजायचा होता. बँकेचा माणूस कुलूप काढून देऊन बाहेर फोनवर बोलत राहिला. आत दारामागे चपलांचे चार जोड ओळीत होते. ओट्यावर उलटा घातलेला कप. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, आणि वेळही बरोबर दाखवत होतं. बंद घरात घड्याळ थांबलेलंच असणार असं मी का धरून चाललो होतो, कोण जाणे. सेल कुठे बँकेला विचारून संपतो? त्या टिकटिकीत मी खोलीखोलीच्या दारात थांबून म्हणत होतो, "येऊ का?" मॅडम मागून म्हणाल्या, "काका, कोणाला विचारताय?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"असू दे, चांगली सवय आहे. पण उत्तर आलं तर मला सांगा, मी आधी खाली जाईन."

त्याच दिवशी त्यांनी मला धंद्यातला एक नियम सांगितला. घरात काय आहे ते बघायचं नाही. कपाट मोजायचं नाही, सोफा मोजायचा नाही, माणूस तर नाहीच नाही. भिंत ते भिंत. मधलं सगळं आज आहे, उद्या नाही.

आता त्या शनिवारकडे येतो. प्रकरण साधं होतं. वडिलांनी निवृत्त झाल्यावर फ्लॅट बक्षीसपत्र करून दोन्ही मुलांच्या नावे निम्मा निम्मा केला होता. त्यात एक अट घातली होती: आपण स्वतः जोवर या घरात राहू तोवर आपल्याला कोणी हलवायचं नाही, आणि घर विकायचं नाही. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षं ते अंथरुणावर होते आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. थोरल्या मुलीने, म्हणजे ताईंनी, लग्न केलेलं नव्हतं. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून त्या वडिलांचं सगळं करत होत्या. धाकट्या भावाला ठाण्यात मोठं घर घ्यायचं होतं, त्याला आपला हिस्सा मोकळा हवा होता. दोघांचं असं ठरलं की तटस्थ माणसाकडून किंमत काढून घ्यायची, तिच्या निम्मे पैसे ताईंनी भावाला द्यायचे आणि त्याने हक्क सोडायचा. ताईंना ते जमलं नाही, तर वडिलांची अट संपेल तेव्हा घर विकून पैसे वाटून घ्यायचे. तसं दोघांनी लिहून दिलं होतं.

ताईंनी आम्हाला चहा देतानाच आपलं गणित सांगितलं. "माझ्याकडे एकोणीस लाख आहेत. फंड, एफडी आणि आईच्या बांगड्या धरून. वीस नाहीत."

"अगं, त्यांना हे कशाला सांगतेस?" भाऊ म्हणाला. "ते काय तुझ्याकडे बघून आकडा काढणारेत का?"

"नाही काढणार. पण मला सांगून ठेवू दे."

"बिल्डिंगमध्ये वरचा फ्लॅट कितीला गेला विचार ना काकूंना. बावन्नला गेला."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "तो गेला तेव्हा त्यात नवीन किचन होतं रे. तुमच्याकडे माझ्या लग्नातली कढई आहे अजून. ती द्या आधी परत."

भावाच्या हिशोबाने निम्मे म्हणजे सव्वीस लाख. ताईंकडे एकोणीस. मधल्या सात लाखांत त्यांचं छप्पर होतं. पन्नाशी उलटलेली बाई आणि हालचाल न करणारे वडील, यांना भाड्याने घर कोण देणार, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर मोजून मी आतल्या खोलीच्या दारात आलो आणि सवयीने म्हणालो, "येऊ का?" पलंगावरून अर्थातच उत्तर आलं नाही. पलंग भाड्याने आणलेला, हॉस्पिटलसारखा उंच, पलीकडच्या भिंतीला लावलेला. डोक्याकडचा भाग वर केला होता, त्यामुळे ते अर्धवट बसल्यासारखे होते. अंगावर चौकटीची पातळ चादर. मागच्या खिडकीतून ऊन थेट आत येत होतं, त्यामुळे चेहरा काळपट दिसत होता. डोळे मात्र उघडे होते. ताई त्यांच्याशी मोठ्याने बोलत होत्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. "बाबा, मोजायला आलेत हां. हॉल एकशे तीस भरला. तुम्ही म्हणायचात ना, सव्वाशे."

मी टेप काढली. एक टोक मॅडमनी दाराकडच्या भिंतीला धरलं, दुसरं घेऊन मी पलंगाकडे निघालो. टेप पलंगावरूनच जाणार होती, दुसरा रस्ता नव्हता. तेवढ्यात काकू पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्यांच्या अंगावरून टेप नको हो."

"काकू, दोन सेकंदांचं काम आहे," भाऊ म्हणाला.

"दोन सेकंद काय नि एक काय. निजलेल्या माणसावरून माप कधी धरतात, माहितीय ना तुला? बांबू आणायला जाणारे धरतात."

माझ्याही घरात आई असती तर तिने हेच म्हटलं असतं. मी टेप गुंडाळली आणि लेझरचं यंत्र काढलं. ते हाताच्या पंजाएवढं असतं. एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका पडतो आणि यंत्रावर अंतर येतं. कोणाच्या अंगावर काही ठेवायला नको, धरायला नको. काकूंचं समाधान झालं. मी दाराकडच्या भिंतीला यंत्र कमरेच्या उंचीवर टेकवलं, मॅडमनी शिकवलं होतं तसं. समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं, ठिपका कुठे पडला ते दिसेना. आकडा मात्र आला. ३.०४१. मग ३.०४५. मग परत ३.०४१. यंत्र सतत मोजत राहायच्या बटणावर होतं आणि आकडा चार मिलिमीटर पुढेमागे होत होता. मी कोपर भिंतीला घट्ट लावलं. तरी तेच. हात थरथरत असेल असं धरून मी ३.०४ मीटर लिहिलं.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "बाबा, काय बघताय?"

म्हातारबोवांनी नजर खाली वळवली होती. हनुवटी छातीला टेकेल इतकी. स्वतःच्या छातीकडे एकटक बघत होते. ताईंनी जाऊन चादर झटकली, मुंगी वगैरे आहे का पाहिलं. काही नव्हतं. "गेल्या कित्येक महिन्यांत मान एवढी वाकवली नव्हती त्यांनी," त्या मॅडमना म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता.

नऊ दिवसांनी, सोमवारी, मी नकाशाशी आकडे ताडून पाहत होतो. मॅडम माझ्या खांद्यावरून शीट बघत म्हणाल्या, "काका, ही आतली खोली मंजूर नकाशात बारा फूट आहे. तुम्ही दहा लिहिलीत. भिंत सरकली का?"

मी म्हणालो, प्लास्टरमध्ये इंच-दीड इंच जातो. त्या म्हणाल्या, "प्लास्टरमध्ये दोन फूट जात नाहीत. मधे काय होतं?"

मधे काय होतं ते मला खुर्चीवर बसल्याबसल्या दिसलं. किरण भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता. पलंग उंच, ते अर्धवट बसलेले, किरण कमरेच्या उंचीवर. ३.०४ हे अंतर भिंतीचं नव्हतं, त्यांच्या छातीचं होतं. आणि तो चार मिलिमीटरचा फरक माझ्या हाताचा नव्हता. ३.०४१ म्हणजे श्वास आत, ३.०४५ म्हणजे बाहेर. मी एका माणसाचा श्वास दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत मोजला होता आणि 'खोलीची लांबी' या रकान्यात लिहिला होता. ते मान वाकवून ठिपक्याकडे बघत होते. त्या खोलीत तो फक्त त्यांना दिसत होता, आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

ऑफिसात एसी चालू होता, तरी मी उठून खिडकी उघडली. मॅडमनी मला पाणी दिलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तीन मीटर रुंद खोली, त्यात दोन फूट कमी, म्हणजे वीस चौरस फूट. दहा हजारांच्या दराने दोन लाख रुपये. पुन्हा जाऊन मोजून या."

मी ताईंना फोन केला. माप चुकलंय, घर वीस फुटांनी मोठं निघणार आहे, असं सांगितलं. मोठं घर निघालं की लोक खूश होतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला जास्त द्यावे लागणार. असू दे. खरं असेल ते लिहा." शाळेच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून तारीख एप्रिलच्या पहिल्या रविवारची ठरली.

त्या रविवारी मॅडमना दुसरीकडे जायचं होतं, मी एकटाच गेलो. दार भावाने उघडलं. ऐसपैस हसला. "या काका, या. आता नीट मोजा, सगळं मोकळं केलंय."

आतल्या खोलीत पलंग नव्हता. खोली पूर्ण रिकामी होती. गेल्या बुधवारी त्याने वडिलांना खडवलीच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं होतं. तिथे व्यायाम करून घेतात, हवा चांगली आहे, ताईला जरा आराम, असं तो सांगत होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी शाळेत होते. घरी आले तर हे असं."

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू हो म्हटलं असतंस का?"

"नसतं म्हटलं."

"मग?" तो माझ्याकडे वळला. "काका, आता ताबा रिकामा आहे, बरोबर? बाबांची अट 'राहतील तोवर' अशी आहे. आता राहत नाहीत. तसं लिहा."

कोणी हलवायचं नाही, हा त्याच अटीचा अर्धा भाग त्याने गाळला. तो काय करत होता ते मला कळलं, कारण आकडे मलाच मांडायचे होते. चारशे चाळीस चौरस फूट, दर दहा हजार, म्हणजे चव्वेचाळीस लाख. घर रिकामं असेल तर निम्मे बावीस. आत राहण्याचा हक्क असलेला माणूस असेल तर मॅडम पंधरा टक्के वजा धरतात, मग निम्मे अठरा लाख सत्तर हजार. ताईंकडे एकोणीस होते. म्हातारबोवा त्या खोलीत आहेत की नाहीत, एवढ्यावर घर कोणाचं ते ठरणार होतं.

मी आत गेलो. दारात थांबून 'येऊ का' म्हटलं आणि मग रिकाम्या खोलीला काय विचारतो म्हणून स्वतःशीच ओशाळलो. त्यांच्या अंगाला लावायच्या नीलगिरीच्या तेलाचा वास अजून होता. समोरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट गोल डाग होता आणि फरशीवर पलंगाच्या चार पायांच्या खुणा. खिडकीला आज पडदा लावलेला होता, त्यामुळे उजेड मऊ होता आणि माझा ठिपका स्वच्छ दिसत होता. भिंतीवर तेलाच्या डागाच्या जरासा खाली तांबडा, न हलणारा. आकडा आला ३.६५५. बरोबर बारा फूट. मी लिहायला पेन काढलं.

३.६५९.

मग ३.६५५. मग ३.६५९.

मी यंत्र भिंतीला लावून धरलं होतं, पण हातात होतं. म्हणून ते काढून दाराकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं, हात बाजूला केला. पंखा बंद होता. पडदा बाजूला सारून खिडकी लावली. ठिपका स्थिर होता. मी टक लावून बघत होतो, तो केसभरही हलत नव्हता. आकडा मात्र जात होता आणि येत होता. एकसारखा नाही. जाताना जरा भरभर, येताना थांबून. बऱ्याच वेळाने एकदा जास्त थांबला, तसा मीही थांबलो, आणि तो पुन्हा सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी श्वास घेतला नव्हता.

ताई चहा घेऊन आल्या. आल्या त्या सरळ माझ्याकडे आल्या नाहीत. जिथे पलंग असायचा त्याला वळसा घालून, पायांच्या खुणांच्या कडेकडेने आल्या. भाऊ मागून मोबाईल बघत आला तो खुणांच्या मधूनच चालत आला, आणि मधेच थांबून त्याने दंड चोळला. "काय गार आहे ही खोली," तो म्हणाला. एप्रिल होता. बाहेर डांबर वितळत होतं.

ताईंनी यंत्राकडे पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडे वरखाली होताना दिसत होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "हे असंच होतं का नेहमी?"

"नाही," मी म्हणालो.

माझा चहा झाल्यावर त्यांनी आणखी एक कप भरला आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

मी टेप काढून खोली पुन्हा मोजली. आता टेप न्यायला कोणाची हरकत नव्हती. भावाने पलीकडचं टोक धरलं. बारा फूट. टेपचा आकडा हलत नाही, ही टेपची चांगली गोष्ट आहे. मी शीटवर टेपचं माप लिहिलं आणि 'ताबा' या रकान्यासमोर पेन ठेवून ते तसंच उचललं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी घरी जेवत होतो. "काका, रिपोर्टवर तारीख आजचीच येणार ना? आज तुम्ही आलेलात. मोजलंत. आजची टाका. तुमचं काय जातंय?"

"तारीख मॅडम टाकतात."

"शीट तर तुमची आहे. एक ओळ आहे हो ती. मी काही खोटं लिहा म्हणत नाहीये. खोली रिकामी आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलीत."

हे खरं होतं, आणि त्याचाच मला त्रास होत होता. माझ्या डोळ्यांनी खोली रिकामी बघितली होती. आयुष्यभर जे बघितलं ते लिहिलं, कारखान्यातही. पण माझं यंत्रही मी बघितलं होतं. बायकोने विचारलं, "जेवताना कोणाचा फोन?" मी म्हणालो, एका रिकाम्या खोलीबद्दल होता. "मग एवढा वेळ काय बोलत होता?"

सोमवारी ऑफिसात मॅडमनी शीट समोर ठेवली. "ताबा कोरा का?"

मी भावाचा फोन सांगितला. मग विचारलं, दोन भेटींपैकी कोणती तारीख धरायची?

"खोली काल रिकामी होती का? हो की नाही?"

"रिकामी दिसत होती."

"दिसत होती म्हणजे काय, काका? तुम्ही असं कधी बोलत नाही."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या वेळचे चार मिलिमीटर, आणि दुसऱ्या वेळचे चार. कोनाड्यात ठेवून पाहिलं तेही. त्या इंजिनिअर आहेत, त्यांनी आधी यंत्र मागितलं. सेल बदलले. ऑफिसच्या भिंतीला यंत्र ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. आकडा एकच. हलला नाही. बाहेरून बस गेली, टेबल थरथरलं, तरी आकडा तोच. मॅडमनी यंत्र बंद करून माझ्याकडे सरकवलं, बोटाच्या टोकाने.

"याला आपल्या फॉर्ममध्ये रकाना नाही," त्या म्हणाल्या. मग फाईल उघडून दोघा भावंडांनी सही केलेलं आमचं नेमणुकीचं पत्र काढलं आणि माझ्यासमोर वाचलं. किंमत पहिल्या पाहणीच्या तारखेची काढायची असं त्यात होतं. प्रत्येक पत्रात ते असतंच, मीच टाइप केलेलं होतं. "तुमची दुसरी भेट माप दुरुस्त करायला होती. ताबा पहिल्या तारखेचा. त्या दिवशी ते त्या खोलीत होते. ते तरी नक्की ना?"

"नक्की. मी मोजले होते."

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. मी पेन घेऊन पहिल्या शीटवर 'उपस्थित व्यक्ती पाच' यावर रेघ मारली, सहा लिहिलं, बाजूला सही केली. दुसऱ्या शीटवर ताब्यासमोर 'पहिल्या पाहणीप्रमाणे' असं लिहिलं. भावाने ऑफिसात येऊन बराच आवाज केला. मॅडमनी त्याला त्याचीच सही दाखवली. तो म्हणाला, मग बाबांना उगाच नेलं म्हणायचं. मॅडम म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा, आमच्याकडे त्याचा हिशोब नाही.

हे काम माझ्या अनुभवाच्या नोंदीत अकराव्या क्रमांकावर आहे: 'निवासी सदनिका, डोंबिवली, कौटुंबिक वाटप'. पुढे माझी नोंदणी झाली, आता कार्डावर ट्रेनी नाही. तेच यंत्र वापरतो. ते कुठेही असं वागलेलं नाही. सील केलेल्या घरांत नाही, मयत झालेल्या माणसांच्या घरांत नाही. मी अजूनही बटण दाबल्यावर दोन श्वास थांबून मग आकडा लिहितो.

मे महिन्यात हक्कसोडपत्र झालं. ताईंना रिपोर्टची शिक्क्याची प्रत हवी होती. मीही डोंबिवलीतच राहतो, म्हणून रविवारी सकाळी देऊन येऊ असं ठरवलं. गेलो तेव्हा इमारतीखाली अँब्युलन्स उभी होती. खडवलीहून वडिलांना परत आणलं होतं. लिफ्ट नाही, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडत होतं, मीही एका कोपऱ्याला हात दिला. स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी पुढचा मागच्याला म्हणाला, "अरे, तू धरलंयस ना? मला काही लागतच नाहीये." मागचा म्हणाला, "मीपण तेच म्हणतोय. आजोबांना वजनच नाही." म्हातारबोवा डोळे उघडे ठेवून जिन्याच्या छताकडे बघत होते. आतल्या खोलीचं दार आलं तसे त्यांनी डोळे मिटले.

मी स्ट्रेचर त्या दाराकडे वळवायला लागलो. ताई म्हणाल्या, "तिकडे नको. पलंग हॉलमध्ये मांडलाय."

"आतली खोली मोठी आहे," मी म्हणालो. मापं माझीच होती. "बारा बाय दहा."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "पण तिथे जागा नाही."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. यंत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही.

काय कोणाला दिलं ते लिहून संपवतो. धाकट्या भावाला अठरा लाख सत्तर हजार, एका चेकने. आमच्या ऑफिसला फी साडेसात हजार, दोघा भावंडांनी निम्मी निम्मी. दुसऱ्या भेटीचे आम्ही लावले नाहीत, माप माझं चुकलं होतं. खडवलीच्या आश्रमाने मेच्या पूर्ण महिन्याचे आगाऊ घेतले होते, उरलेल्या दिवसांचे परत मिळाले नाहीत, ते भावाचे गेले. अँब्युलन्सवाल्याने खडवली ते डोंबिवली बत्तीसशे सांगितले आणि दोन मजले चढवायचे तीनशे वेगळे मागितले. ताई पर्स उघडत होत्या. उचलणाऱ्यांपैकी पुढचा म्हणाला, "चढवायचे राहू द्या ताई, आजोबा जडच नव्हते." ताईंनी ऐकलं नाही. पस्तीसशे मोजून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिले.